चौदा की सोळा? अ‍ॅव्हरेजवाल्या गाडीची चाकं बदलताना

भाच्याच्या स्विफ्टची पुढची डावी रिम यंदाच्या पावसाळ्यात गेली. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्यामुळे तिथे खड्डा आहे हे चाक आत गेल्यावरच कळलं. टायरवाल्याने रिम मशीनवर फिरवून दाखवली तर ती चांगलीच लपकत होती. "हिचा बेंड आधी दोनदा काढलाय, आता नाही सरळ होणार," असं म्हणून त्याने भिंतीवर टांगलेल्या काळ्या-चंदेरी अलॉयकडे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमकडे, बोट केलं. सोळा इंची, चारचा सेट, जुन्या रिम एक्स्चेंजमध्ये. भाच्याने तिथूनच फोन लावला. "मामा, टाकू का? अलॉय हलकी असतात ना, अ‍ॅव्हरेजपण वाढेल."

अलॉय हलकी असतात, आणि हलक्या चाकाने अ‍ॅव्हरेज वाढतं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि ते अर्धं नेमकं कुठलं हे कळलं की दुकानात उभं राहून निर्णय घेणं सोपं जातं. मी त्याला म्हटलं, "आधी टायरवर काय लिहिलंय ते वाच."

त्याच्या गाडीच्या टायरवर १६५/८० आर१४ असं आहे. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हा टक्का आहे: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, त्यात निवडण्यासारखं काही नाही. १४ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच असं तिन्ही कोंबायची बुद्धी कोणाला झाली देव जाणे, पण जगभर हेच चालतं.

आता पूर्ण चाकाची उंची काढू. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळून २६४ मिळवले की ६१९.६ होतात. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देते. त्याचा हिशेब केला तर ६२१.५ येतात. दुकानदार म्हणत होता ते १९५/५५ आर१६ मांडलं तर ६२०.९. तिन्ही चाकं बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीची आहेत. रिम मोठी झाली तेवढी रबराची भिंत आखूड झाली, बाकी काही नाही. "मोठी चाकं टाकली" असं जे लोक म्हणतात, त्यात चाक मोठं झालेलंच नसतं. धातू वाढलेला असतो आणि रबर घटलेलं असतं.

ही बाहेरची उंची का सांभाळायची? कारण गाडीला रस्ता दिसत नाही. ती चाकाचे फेरे मोजते आणि त्यावरून किलोमीटर ठरवते. ६१९.६ चं चाक एका किलोमीटरला साधारण ५१४ फेरे घेतं. समजा कोणी त्याच चौदा इंची रिमवर १७५/६५ आर१४ चढवला. हे माप बाजारात सहज मिळतं, रुंदीही जरा जास्त, दिसायला ऐटदार. पण त्याची उंची ५८३ भरते, आणि तो त्याच किलोमीटरला ५४६ फेरे घेतो. म्हणजे खरे १०० किलोमीटर गेलात की मीटरवर १०६ पडणार. मग पंपावर टाकी फुल करून लिटरने भागाकार करायचा आणि सगळ्यांना सांगत सुटायचं की टायर बदलल्यापासून गाडी वीसऐवजी एकवीस देते! गाडी पूर्वीइतकंच देत असते, मीटर तेवढा खोटं बोलायला लागलेला असतो. वर सर्व्हिस लवकर येते, वॉरंटीचे किलोमीटर लवकर संपतात आणि गाडीचं पोट जमिनीजवळ येतं ते वेगळंच. उलट उंच टायर टाकला की मीटर कमी दाखवतो आणि बिचाऱ्या टायरला नाहक शिव्या बसतात. "टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज बदललं" अशी गोष्ट कोणी सांगितली की मी आधी त्याला माप विचारतो.

सोळा इंची चाक या पहिल्या परीक्षेत तर पास झालं. मग हरकत काय?

टायरने खाल्लेलं पेट्रोल कसं दिसतं हे पाहायचं असेल तर सायकल आठवा. हवा कमी असली की तीच सायकल चढावर चालवल्यासारखी जड जाते. टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा गोल होतो. रबराचा चेंडू वरून सोडला तर तो सोडलेल्या उंचीपर्यंत परत येत नाही. मधली ताकद उष्णतेत जाते. टायरचंही तसंच. दर फेऱ्याला चपटा-गोल, चपटा-गोल, आणि दर वेळी थोडी ताकद गरम होण्यात वाया. एक्स्प्रेसवेवरून उतरल्यावर टायरला हात लावून पाहा, तो गरमपणा तुमच्या पेट्रोलचाच आहे. साध्या मोटारीत इंधनाचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा या कामी जातो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २००६ मध्ये याचा एक हिशेब मांडला होता: टायरच्या फिरण्याला होणारा हा विरोध १० टक्क्यांनी घटवला तर अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्के सुधारतं. आकडा फार मोठा नाही, पण तो रोज, प्रत्येक किलोमीटरला मिळतो.

हा विरोध रिमवर ठरत नाही, टायरवर ठरतो: कोणतं रबर, किती हवा, किती वजन. पण सोळा इंची रिम घेतली की टायरही सोळा इंची घ्यावा लागतो, आणि त्या मापात दुकानात जे मांडलेलं असतं ते बहुतेक रुंद, पकडीवर आणि दिसण्यावर भर दिलेलं. चौदा इंची अरुंद टायर मुळात काटकसरीच्या गाड्यांसाठीच बनतात.

दुसरा पेट्रोलखाऊ म्हणजे वारा. शहरात त्याची फिकीर नको. पण ताशी १०० च्या वेगाला इंजिनाची बरीचशी ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, आणि त्या विरोधातला साधारण पाव हिस्सा चाकं आणि त्यांच्या कमानी यांच्यामुळे असतो. फिरणारं चाक म्हणजे उघडा पंखाच. रुंद टायर समोरून जास्त हवा कापतो, मोठ्या भोकांची रिम हवा घुसळते. म्हणून तर प्लास्टिकच्या सपाट व्हील कॅपला हसू नये. टोयोटाने पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या तिसऱ्या पिढीत चक्क पंधरा इंची अलॉयवर प्लास्टिकच्या कॅप बसवल्या होत्या. अलॉय झाकलं म्हणून मालक नाराज झाले, कित्येकांनी कॅप काढून टाकल्या. कंपनीने मात्र त्या हवेसाठी लावल्या होत्या.

प्रियसचाच पुढचा किस्सा जास्त बोलका आहे. २०२३ च्या मॉडेलमध्ये साध्या एलई प्रकाराला सतरा इंची चाकं आहेत आणि वरच्या दोन प्रकारांना एकोणीस इंची. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत सतरा इंचीला गॅलनला ५७ मैल मिळाले, एकोणीस इंचीला ५२. आपल्या भाषेत लिटरला साधारण २४.२ आणि २२.१ किलोमीटर. वरच्या प्रकारात वजन थोडं जास्त आहे हे खरं, पण इंजिन तेच, मोटर त्याच, टायरची रुंदीसुद्धा दोन्हीकडे १९५. तरी जवळजवळ ९ टक्क्यांचा फरक. हायब्रिड तंत्रज्ञानाने कष्टाने वाचवलेल्या इंधनातला मोठा घास चाकांच्या ऐटीत गेला. विजेवरच्या गाड्यांत हे आणखी झोंबतं. ह्युंदाईची २०२३ ची आयोनिक ६ अठरा इंची चाकांवर ३६१ मैल जायची, तीच बॅटरी वीस इंची चाकांवर ३०५ मैलांत संपायची.

आपल्याकडे अशी तुलना कागदावर मिळत नाही. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा म्हणून जो आकडा जाहिरातीत झळकतो, तो स्विफ्टसारख्या गाडीला गिअरबॉक्सप्रमाणे वेगळा दिलेला असतो, चाकाप्रमाणे नाही. त्यामुळे चौदा इंची आणि पंधरा इंची स्विफ्ट कागदावर एकच. दुकानदार "काही फरक पडत नाही साहेब" म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलतो असं नाही. त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं.

आता वजन. अलॉय हलकी, ही समजूत आली त्याच मापाच्या पोलादी रिमशी तुलना करून. चौदा इंची अलॉय चौदा इंची लोखंडी रिमपेक्षा हलकं असू शकतं. पण आपण चौदा काढून सोळा घालतो! त्यात बाजारातली बरीचशी स्वस्त अलॉय साच्यात ओतलेली असतात आणि मजबुतीसाठी जाड ठेवलेली. भाच्याला मी घरचा वजनकाटा घेऊन जायला सांगितलं. टायरवाला हसला, पण त्याने अडवलं नाही. आधी एकट्याने काट्यावर उभं राहायचं, मग चाक कवेत घेऊन, आणि वजाबाकी. टायरसकट सोळा इंची चाक त्याच्या जुन्या चाकापेक्षा जवळजवळ तीन किलोने जड निघालं. हलकं म्हणून घ्यायला निघालेलं चाक!

तीन किलोने किती बिघडतं हेही नीट पाहू, कारण इथे उत्साही मंडळी फार ताणतात. चाक पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून त्याच्या काठावरचा एक किलो वेग घेताना जास्तीत जास्त दोन किलोसारखा वाटतो. दहा किलो वाटतो, वीस किलो वाटतो, या नुसत्या गप्पा. चार चाकांचे बारा किलो, फार तर चोवीस धरा. नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीत, सिग्नलला थांबत-निघत जाताना, हे जाणवेल पण पंपावर कंबरडं मोडणार नाही. एकसारख्या वेगाने हायवेवर तर त्याचा परिणाम आणखी कमी. जड चाकाचा खरा त्रास दुसरीकडे आहे: सस्पेन्शनला खड्ड्यात ते आवरायला जड जातं, आणि तो दणका शेवटी तुमच्या कमरेला.

आणि खड्ड्यांचं काय बोलावं. १६५/८० मध्ये रस्ता आणि रिम यांच्यात १३२ मिलिमीटर रबर आहे. १८५/६५ मध्ये १२०. १९५/५५ मध्ये १०७. ज्या खड्ड्याने १३२ मिलिमीटरची गादी असताना लोखंडी रिम वाकवली, तो २५ मिलिमीटर कमी असताना काय करेल याचा अंदाज यायला इंजिनिअर व्हायला नको. शिवाय लोखंड वाकतं, अलॉय तडकतं. वाकलेली लोखंडी रिम सरळ करून देणारा कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतो. तडकलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देणारेही भेटतात, पण तसलं चाक मी माझ्या गाडीला लावणार नाही, आणि सेकंडहँड अलॉय घेताना आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ किंवा ताजा रंग दिसला तर तिथून निघून येईन.

रिम बदलायचीच असेल तर ती गाडीला खरोखर बसते का हे पाहावं लागतं, आणि "बसते साहेब" यावर विश्वास ठेवू नये. नट आवळले गेले म्हणजे रिम बसली असं नसतं. मारुतीच्या स्विफ्ट, बलेनो, वॅगनआर या गाड्यांना चार नट आहेत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. याला दुकानात पीसीडी म्हणतात. बाजारात आठ भोकांची अलॉय पुष्कळ दिसतात. त्यातली चार १०० ची आणि चार १०८ ची, म्हणजे एकच माल दोन प्रकारच्या गाड्यांना खपवता येतो. ती चालतात, पण मधलं भोक बघा. ज्यावर चाक बसतं तो गाडीचा मधला गोल भाग म्हणजे हब, आणि या मारुती गाड्यांचा हब ५४.१ मिलिमीटरचा. अलॉयचं भोक त्याहून बरंच मोठं असतं, सगळ्यांना व्हावं म्हणून. मधली फट भरायला हब रिंग लागते, प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, किंमत किरकोळ. ती न टाकता आवळलं की चाक केसभर एका बाजूला बसतं आणि ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस तीनतीनदा व्हील बॅलन्सिंग करत बसतो.

नटांचंही तसंच. लोखंडी रिमचा नट आणि अलॉयचा नट यांची बसण्याची बाजू वेगळी असू शकते, आणि चुकीचा नट हळूहळू सैल होतो. चारही चाकं अलॉय आणि डिकीत लोखंडी स्टेपनी असेल तर स्टेपनीला चालणारे नटही डिकीत हवेत, नाहीतर रात्री ताम्हिणीत पंक्चर झाल्यावर आठवण येईल.

ऑफसेट हा त्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलेली आहे, ते तो सांगतो. हा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा बराच कमी असला की चाक कमानीतून बाहेर डोकावतं. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंग जड होतं, चिखल दारांवर उडतो आणि वाऱ्यात जास्त रबर येतं. बाहेर आलेलं चाक पोलिसांच्या नजरेतही येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करायला मनाई करतं. त्यामुळे कंपनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला जे माप देते, तिथपर्यंतच जावं. वेगळी अलॉय टाकली तर विमा कंपनीला कळवून अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवावीत, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यांची किंमत मिळेल असं गृहीत धरू नये.

म्हणजे अलॉय घ्यायचीच नाहीत? हौस असेल तर घ्या. हौसेला अ‍ॅव्हरेजचं कारण जोडू नका एवढंच. आणि घ्यायचीच तर बलेनोवाल्यांना एक चांगली वाट उपलब्ध आहे: वरच्या प्रकाराला १९५/५५ आर१६ येतात, खालच्याला १८५/६५ आर१५, दोन्ही कंपनीचेच आणि उंचीला सारखे. सोळा इंची रिम फुटली की पंधराच्या सेटवर उतरता येतं. टायर स्वस्त, गादी जाड, धातू कमी. लोक वर चढायचा विचार करतात, खाली उतरायचा कोणी करत नाही.

पैशांचं गणितही भाच्यासाठी मांडलं. वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला २० चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ६०० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ६३ हजार. उत्तम हलकी चाकं शोधून २ टक्के फायदा झाला तर वर्षाला जेमतेम १२५० रुपये वाचतील. त्यासाठी २५ हजारांचा सेट घेतला तर वीस वर्षांत पैसे फिटतील. गाडी तोवर भंगारात. उलट चुकीचं चाक आणि चुकीचा टायर यांनी ५ टक्के घालवले तर वर्षाला ३२ लिटर, ३३०० रुपये गेले. रिमच्या बाबतीत कमवायला फारसं काही नाही, गमवायला मात्र आहे.

कमवायचं ते टायरमध्ये. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरच्या फिरण्याचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या किमान अटी नियमात आणल्या, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही टायरवर मिळू लागलेत, फ्रिजवर असतात तसेच. ज्या टायरवर असतील तिथे ते पाहावेत. पण नुसता कमी विरोध बघून टायर घेऊ नये. पूर्वी यात खरोखर अडचण होती, कारण विरोध घटवला की ओल्या रस्त्यावर टायर घसरायचा. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घालून ही गाठ सैल केली, आणि आज सगळेच तसं करतात. तरी स्वस्तातल्या टायरांत फरक दिसतोच. ज्याला जुलैत आंबा घाट किंवा वरंधा उतरायचा आहे त्याने अर्ध्या किलोमीटरच्या अ‍ॅव्हरेजसाठी ब्रेकचं अंतर वाढवून घेऊ नये.

टायर घेताना मापाच्या पुढचा आकडाही बघायचा. भाच्याच्या टायरवर ८५ आहे, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. नवीन टायरचा हा आकडा कमी चालत नाही. बाजूला चार अंकी तारीख असते, पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. "२२२५" म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. आणि नवे टायर घातल्यावर पहिले काही महिने अ‍ॅव्हरेज किंचित घटलं तर घाबरू नये. नवी जाड नक्षी जास्त वाकते, झिजलेला टायर हलका पळतो. गोटा झालेल्या टायरवर अ‍ॅव्हरेज सगळ्यात छान मिळतं, पण खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्याने बाद.

हवेचं तर सांगायलाही कंटाळा येतो, पण सांगतो. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर आहे, त्यावर आकडा आहे, पंधरा दिवसांतून एकदा थंड टायरवर तपासायचा. नायट्रोजनला वेगळे पैसे देऊ नयेत, फुकटच्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

भाच्याने शेवटी चौदा इंचीच दोन लोखंडी रिम घेतल्या, कंपनीच्या. एक वाकलेलीच्या जागी, दुसरी मागच्या चाकाला, कारण ती पण थोडी लपकत होती. वाचलेल्या पैशांत चार चांगले टायर. सोबत सपाट व्हील कॅपचा सेट, हवेसाठी. त्यातली एक कॅप गेल्या महिन्यात दिवेघाटात उडून दरीत गेली. आता तीन चाकं झाकलेली आणि एक उघडं, अशी गाडी फिरते. अ‍ॅव्हरेज लिटरला एकवीसच्या वर आहे, आणि मीटर खरं बोलतो.